इंग्रजीसाठी स्पॅनिश सोडावी लागते का?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या सरहद्दीकडे पसरलेल्या रखरखीत माळावर मार्फा नावाचं छोटं गाव आहे. १९५४ साली तिथल्या ब्लॅकवेल शाळेत मुलांकडून एक अंत्यविधी करवून घेण्यात आला. मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या एका खोक्यात भरल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ते खोकं पुरलं. मेला होता तो ‘मिस्टर स्पॅनिश’, म्हणजे त्या मुलांची स्वतःची भाषा. ही शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी काढलेली होती. घरीदारी ती स्पॅनिशच बोलत, पण शाळेच्या आवारात तीच भाषा तोंडून निघाली की मार बसे.

एक भाषा हटवली की दुसरीला जागा होईल, असा त्यामागचा समज होता. हा समज टेक्सासपुरता नव्हता, आणि तो अजून पुरता गेलेलाही नाही. मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून त्याच्याशी घरातसुद्धा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाप आपल्याकडेही कमी नाहीत. अमेरिकेत मात्र या समजाची गेली साठ-सत्तर वर्षं प्रत्यक्ष वर्गांत परीक्षा होत आली आहे. त्यातली सगळ्यांत बोलकी परीक्षा झाली ती तीन-चार वर्षांच्या मुलांच्या, इंग्रजी आणि स्पॅनिश बरोबरीने चालवणाऱ्या बालवाड्यांत.

चारशे शब्दांची शाळा

१९५० च्या दशकात टेक्सासमधली असंख्य स्पॅनिशभाषक मुलं पहिलीतच अडकून पडत. बाई काय सांगतात तेच कळायचं नाही, त्यामुळे वर्ष वाया जायचं, पुन्हा पहिली, आणि मग हळूहळू शाळाच सुटायची. मूल मंद आहे, असा शिक्का बसायचा तो वेगळाच. ह्यूस्टनमधले रेस्टॉरंट-मालक फेलिक्स तिहेरिना यांना हे फार जवळून ठाऊक होतं. ते स्वतः गरिबीतून वर आले होते आणि इंग्रजी धडपडत शिकले होते. मेक्सिकन-अमेरिकनांच्या ‘लुलॅक’ या संघटनेचे अध्यक्ष असताना त्यांनी एक साधी योजना मांडली. मूल पहिलीत जाण्याआधी त्याला नेमके कामाचे चारशे इंग्रजी शब्द शिकवायचे.

१९५७ च्या उन्हाळ्यात गनाडो या गावी पहिला वर्ग भरला. शिकवायला होती इसाबेल वेर्वेर ही सतरा वर्षांची मुलगी. तिची स्वतःची भाषा स्पॅनिश होती, त्यामुळे मुलांना काय अडतं हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शाळेत गेल्यावर आपलं नाव सांगणं, पाणी मागणं, शौचाला जायचंय हे सांगणं, पेन्सिल-कागद-खुर्ची ओळखणं, एवढ्या शब्दांवर मूल पहिल्या दिवशी तग धरू शकतं. हा प्रयोग इतका लागू पडला की १९५९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने अशा वर्गांसाठी कायदा केला. गरीब घरांतल्या मुलांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या देशव्यापी बालशिक्षण योजनेच्या पूर्वसुरींत या छोट्या शाळांचं नाव घेतलं जातं.

तरीही या शाळांचा रोख एकाच दिशेला होता. स्पॅनिशमधून इंग्रजीत कसं जायचं, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न. स्पॅनिशही वाढवावी, तिच्यात गोष्टी ऐकाव्यात, पुढे लिहावं-वाचावं, हा विचार पुढे आला तो मायामी शहरात, आणि त्याला कारण ठरली क्यूबातली क्रांती.

मायामीची कोरल वे शाळा

१९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले आणि क्यूबातले मध्यमवर्गीय लोक मोठ्या संख्येने मायामीत येऊन दाखल झाले. १९६० ते १९६२ या काळात तर सुमारे चौदा हजार मुलं आईवडिलांशिवाय एकटी विमानाने पाठवण्यात आली. दोन-चार वर्षांत आपण मायदेशी परतू, अशी या लोकांची खात्री होती. परतायचं, तर मुलांची स्पॅनिश टिकायला हवी; तोवर इथे राहायचं, तर इंग्रजीही यायला हवी.

१९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने मायामीच्या कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेत दोन्ही भाषांचे वर्ग सुरू झाले. अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश. क्यूबन मुलं इंग्रजी शिकत होती आणि त्याच शाळेतली अमेरिकन मुलं स्पॅनिश. जेवणाची सुट्टी, संगीत, चित्रकला आणि खेळाचं मैदान सगळ्यांचं एकत्र. क्यूबात शिक्षक म्हणून काम केलेल्या अनेक निर्वासित स्त्रिया मदतनीस म्हणून या वर्गांत आल्या. इथे स्पॅनिश ही गरिबाची अडचण राहिली नाही. इंग्रजीभाषक पालक आपण होऊन मुलांना ती शिकायला पाठवू लागले. अमेरिकेतल्या आधुनिक द्विभाषिक शिक्षणाचा आरंभ याच शाळेपासून मोजतात, आणि ती आजही दोन भाषांतच चालते.

पाच वर्षांनी, २ जानेवारी १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. विशीत असताना जॉन्सन टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवत होते. तिथली मुलं उपाशीपोटी वर्गात येतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मुलांनी शाळेत इंग्रजीच बोलावी, असा आग्रहही त्यांनी धरला होता. त्याच मास्तरांच्या सहीने घरच्या भाषेतून शिकवण्याला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव २२७’ मंजूर करून सरकारी शाळांतल्या द्विभाषिक वर्गांचे पाय कापले. अॅरिझोना आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी लवकरच तोच मार्ग धरला. मग वारं फिरलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच मतदारांनी सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी ते निर्बंध उठवले. दरम्यान २०१० मध्ये इलिनॉय राज्याने द्विभाषिक शिक्षणाचा नियम बालवाडीपर्यंत नेला होता. सरकारी बालवाडीत एकाच परभाषेची वीस किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना त्यांच्या घरच्या भाषेतूनही शिकवलंच पाहिजे.

वर्गात काय चालतं?

अशा बालवाडीत शिरल्यावर आधी रंग दिसतात. दार, खिडकी, टेबल, हात धुण्याचं बेसिन, प्रत्येक वस्तूवर दोन पट्ट्या. अनेक ठिकाणी स्पॅनिश शब्द लाल रंगात आणि इंग्रजी निळ्यात लिहिलेले असतात. अक्षरं वाचता येण्याआधीच मुलाला रंगावरून भाषा ओळखता येते.

वेळेच्या वाटणीच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी सकाळ एका भाषेची आणि दुपार दुसरीची. काही ठिकाणी आठवडा आलटून पालटून. ‘नव्वद-दहा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत सुरुवातीला बहुतेक वेळ स्पॅनिशला देतात आणि इंग्रजीचा वाटा इयत्तेगणिक वाढवत निम्म्यावर आणतात; कारण इंग्रजी मुलांना टीव्हीवर, दुकानात, रस्त्यात सगळीकडे मिळतच असते. पुष्कळ वर्गांत दोन शिक्षिका असतात आणि प्रत्येकीने आपलीच भाषा धरायची असते. एकच शिक्षिका असेल, तर ती कधी हातात बाहुली घेते. या बाहुलीला फक्त स्पॅनिश कळते, असं मुलांना सांगितलेलं असतं. मग तिला इंग्रजीत हाक मारली, तर ती मान हलवून गप्प बसते, आणि मुलं आपसूक स्पॅनिशकडे वळतात.

गोष्टीचा तास घेऊ. एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं चित्रपुस्तक दोन्ही भाषांत मिळतं. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत पोहोचतो. पहिल्या आठवड्यात शिक्षिका हे पुस्तक स्पॅनिशमध्ये वाचते. पानांतल्या भोकांतून मुलं बोट घालतात, फळं मोजतात, सुरवंट आता काय खाईल याचा अंदाज करतात. कुणी प्लास्टिकची फळं टोपलीतून काढून ओळीने मांडतं. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक इंग्रजीत येतं. एव्हाना चार वर्षांच्या मुलाला गोष्ट माहीत आहे, वारांचा क्रम माहीत आहे, चारानंतर पाच येतात हे माहीत आहे. शिकायचे आहेत ते फक्त नवे शब्द. शिक्षिका ओळीओळीचं भाषांतर करत बसत नाही. तसं केलं, तर मुलं आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत दुसरीकडे लक्षच देत नाहीत, हा अनुभव आहे.

मराठी वाचकाला स्पॅनिशची अक्षरओळख परकी वाटणार नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि प्रत्येकाचा उच्चार ठरलेला. ‘मा, मे, मी, मो, मू’ अशी शब्दावयवांची ओळ घोकत मुलं वाचायला शिकतात. आपली बाराखडीच जणू. इंग्रजीत एकच ‘ए’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये वेगळं, ‘केक’मध्ये वेगळं आणि ‘फादर’मध्ये आणखी वेगळं. शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो, ही जाण मुलाला स्पॅनिशमधून सहज येते आणि एकदा आली की इंग्रजी वाचतानाही उपयोगी पडते. स्पॅनिशभाषक पहिलीच्या मुलांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं.

तपासून पाहिलेलं

या क्षेत्रात मतं पुष्कळ आणि नीट केलेले प्रयोग थोडे. त्यातला एक न्यू जर्सीतला आहे. रटगर्स विद्यापीठाच्या बालशिक्षण संशोधन संस्थेतले स्टीव्हन बार्नेट आणि त्यांचे सहकारी यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एक गट पूर्ण इंग्रजी बालवाडीत गेला. दुसरा गट एक आठवडा इंग्रजीच्या खोलीत, इंग्रजीच्या बाईंकडे, आणि पुढचा आठवडा स्पॅनिशच्या खोलीत, स्पॅनिशच्या बाईंकडे. निवड चिठ्ठीने झाली असल्यामुळे ‘हौशी पालकांची मुलं मुळात हुशार’ असा आक्षेप घ्यायला जागा उरली नाही. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. इंग्रजीत दोन्ही गट बरोबरीने पुढे गेले. स्पॅनिशच्या शब्दसंपत्तीत मात्र दोन भाषांचा गट सरस ठरला, आणि त्यात घरी इंग्रजी बोलणारी मुलंही होती. इंग्रजीचा निम्मा वेळ स्पॅनिशला दिला, तरी इंग्रजीचं काही बिघडलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया गावचा दाखला याहून जुना आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पॅनिशभाषक मुलांची बालवाडी पूर्णपणे स्पॅनिशमध्ये चालवली गेली. भर होता तो भरपूर बोलण्यावर, गोष्टींवर आणि आईवडिलांना बरोबर घेण्यावर. शाळेत जायची वेळ आली, तेव्हा या मुलांची तयारी इतर स्पॅनिशभाषक मुलांपेक्षा खूपच चांगली होती आणि इंग्रजीभाषक मुलांच्या जवळपास पोहोचली होती.

उलट दिशेचा प्रयोग स्पेनमध्ये झाला. माद्रिदच्या चार सरकारी बालसंगोपन केंद्रांत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नाया फेर्हान रामीरेस आणि पट्रिशिया कूल यांनी सात महिन्यांपासून पावणेतीन वर्षांपर्यंतच्या २८० मुलांना निवडलं. रोज एक तास, अठरा आठवडे, तरुण इंग्रजीभाषक ताया-दादा त्यांच्याशी खेळले. लाडिक, लांबवलेल्या सुरात बोलायचं आणि मूल जे पाहत असेल त्याबद्दलच बोलायचं, असा नियम होता. अखेरीस ही मुलं तासाला सरासरी ७४ इंग्रजी शब्द किंवा शब्दगट उच्चारत होती. केंद्राचे नेहमीचे इंग्रजी वर्ग मिळालेल्या मुलांत हा आकडा १३ होता. त्यांची स्पॅनिश नेहमीच्या गतीने वाढतच राहिली.

कूल यांचाच २००३ चा एक प्रयोग प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली गेली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेले ध्वनी बाळांनी आत्मसात केले. तीच माणसं, तीच वाक्यं टीव्हीच्या पडद्यावर दाखवली, तेव्हा बाळांच्या पदरी काहीच पडलं नाही. नव्या भाषेतली कार्टूनं लावून मूल ती भाषा शिकेल, ही आशा तिथेच संपते.

पालकांच्या मनातल्या शंका

‘दोन भाषांनी मूल गोंधळेल’ ही सगळ्यांत जुनी भीती. दोन भाषांत वाढणारं मूल एका वाक्यात दोन्हींचे शब्द वापरतं, हे खरं आहे. पण नीट ऐकलं तर ती सरमिसळ व्याकरणाच्या नियमांनीच चालते, आणि समोरच्या माणसाप्रमाणे मूल भाषा बदलतंही. ‘शब्द कमी येतील’ ही दुसरी भीती. मायामीतल्या बाळांवर बार्बरा पिअर्सन यांनी केलेल्या कामातून दिसलं, की एकेका भाषेत शब्द थोडे कमी असले, तरी दोन्ही भाषांची मिळून बेरीज एकभाषक मुलांइतकीच भरते. एकाच भाषेत चाचणी घेऊन मुलाला मागे पडलेलं ठरवणं त्यामुळे अन्यायाचं आहे. बोलण्यात खरोखर काही दोष असेल, तर तो दोन्ही भाषांत दिसतो. घरची भाषा बंद करून तो जात नाही.

दुसऱ्या टोकाच्या दाव्यांपासूनही सावध राहायला हवं. दोन भाषांमुळे मेंदू तल्लख होतो, मूल अधिक हुशार होतं, अशा जाहिराती खासगी बालवाड्या करतात. या दाव्यावर संशोधकांत आजही जोरदार वाद आहे. दोन भाषा येणं हाच लाभ पुरेसा मोठा आहे.

खरी धास्ती वेगळीच आहे. १९९१ मध्ये लिली वाँग फिलमोर यांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. केवळ इंग्रजीत चालणाऱ्या बालवाडीत गेलेली मुलं घरची भाषा झपाट्याने विसरत होती. शाळेच्या वयाच्या आधीच पहिल्या भाषेची मुळं सुटत होती आणि काही घरांत आईबापांना मुलांशी मनातलं बोलणंही अवघड झालं होतं. मुलाला समज देणं, धीर देणं, आपलं आयुष्य सांगणं, हे सारं ज्या भाषेतून होतं तीच घरातून निघून जात होती.

अडतं कुठे?

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तरीही दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या आणि बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका पुरेशा मिळत नाहीत. बालवाडीचे पगार इतके तुटपुंजे असतात, की अशी शिक्षिका मिळाली तरी ती लवकरच प्राथमिक शाळेत निघून जाते. परिणामी कित्येक वर्गांत स्पॅनिशची जबाबदारी मदतनीस बाईंवर पडते, आणि कोणत्या भाषेचा मान मोठा, हे मुलं लगेच ताडतात. खेळाच्या वेळी सगळ्यांची गाडी इंग्रजीवर घसरते. काही ठिकाणी तर आठवड्यातून अर्धा तास रंग आणि आकडे स्पॅनिशमध्ये म्हणून घेतात आणि दारावर ‘द्विभाषिक’ अशी पाटी लावतात.

स्टॅनफर्डच्या ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच एक इशारा दिला होता. एकाच वर्गात सुखवस्तू इंग्रजीभाषक आणि गरीब स्पॅनिशभाषक मुलं असतील, तर पहिल्या गटाला झेपावी म्हणून स्पॅनिश पातळ केली जाते. गोऱ्या मुलाने चार स्पॅनिश शब्द म्हटले की टाळ्या. स्थलांतरिताचं मूल इंग्रजी शिकलं तर ते गृहीतच धरलेलं. जिथे शहराच्या बऱ्या वस्त्यांत असे वर्ग लोकप्रिय झाले, तिथे ज्यांच्यासाठी ते निघाले त्याच मुलांना प्रवेश मिळेनासा होण्याची भीती आता उघडपणे बोलली जाते.

मराठी माणसाचा या प्रश्नाशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. एक अमेरिकेतली मराठी घरं. तिथे मूल अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत छान मराठी बोलतं, इंग्रजी बालवाडीत जाऊ लागतं आणि काही महिन्यांत आजीच्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तरं देऊ लागतं. शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळा ही गळती थांबवायला धडपडतात, पण त्यांच्या हाती आठवड्याचे मोजके तास असतात. बाकीचं काम घरीच व्हावं लागतं.

दुसरं ठिकाण महाराष्ट्रातच आहे. मेळघाटातलं कोरकू मूल, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल, नंदुरबारचं भिली बोलणारं मूल अंगणवाडीत येतं, तेव्हा प्रमाण मराठी त्याच्यासाठी नवीच भाषा असते. १९५० च्या दशकातल्या टेक्सासमध्ये जे मूल पहिलीत अडकत होतं, त्याच जागी ते उभं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वारली मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, आजूबाजूच्या वस्तूंतून शिकवण्याची साधनं केली आणि मुलाच्या जगापासून सुरुवात करण्याचा धडा घालून दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेला पहिलं स्थान दिलं आहे. ती भाषा बोलणारी सेविका प्रत्येक पाड्यावर नेमणं, तिला नीट मानधन आणि गोष्टींची पुस्तकं देणं, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

कॅलिफोर्नियापुढेही याच स्वरूपाचं काम आहे. २०२५-२६ च्या शालेय वर्षापासून तिथल्या प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला सरकारी शाळेच्या बालवर्गात मोफत जागा देण्याचं राज्याने ठरवलं. निम्म्या विद्यार्थ्यांना २०३० पर्यंत दोन किंवा अधिक भाषांकडे नेणाऱ्या वर्गांत बसवायचं, असं उद्दिष्ट राज्याच्या शिक्षण खात्याने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. त्यासाठी लागणाऱ्या द्विभाषिक शिक्षिका घडवणाऱ्या पदव्या ‘प्रस्ताव २२७’च्या अठरा वर्षांत रोडावल्या होत्या. आता विद्यापीठांना ते अभ्यासक्रम पुन्हा उभे करावे लागत आहेत.